आढ्याखालचें शौचगृह

‘परसाकडे जाणें’ हा आपल्या भाषेंतील जुना वाक्प्रचार आहे. शौचाची सोय घराच्या पाठीमागें, विहिरीपासून आणि देवघरापासून दूर असावी असें आपल्या वाडवडिलांनीं ठरविलें, आणि भाषेनेंहि त्या गोष्टीला तेथेंच ठेविलें. तेव्हां या विषयावर कौटुंबिक मासिकांत लिहूं लागल्यास कित्येक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु परसांतील ती गोष्ट केव्हांच घरांत आली, घरांतून माडीवर चढली, आणि आमच्या घरीं तर थेट आढ्याखालच्या माळ्यावर जाऊन बसली. जी वस्तु आपण आपल्या हातानें उशाशीं आणून ठेविली, तिच्याविषयीं बोलण्याचा संकोच धरून भागत नाहीं. तो संकोच आम्हीं धरला, आणि त्यापायीं घरांतील एका निरपराध मुलीस कित्येक महिने त्रास सोसावा लागला. ती हकीकत, आणि तिच्यावरून आम्हांस जें कळलें तें, वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर वाईचें. खालीं दगडविटांच्या भिंती, वर सागवानी तुळया, तुळयांवर तक्तपोशी आणि सर्वांवर कौलांचें दुपाखी छप्पर. आम्ही तिघे भाऊ, चूल एक, आणि पानें दोन्ही वेळ चौदा. २०२३ सालच्या वैशाखांत थोरल्या बंधूंच्या मुलाचें लग्न झालें. नव्या जोडप्यास स्वतंत्र खोली हवी, आणि माडीवर तर जागा नाहीं. तेव्हां ज्या माळ्यावर आजवर अढीचे आंबे, पापडांचे डबे आणि जुनीं पंचांगें नांदत होतीं, तो माळा लग्नाआधीं झाडून काढून तेथें खोली केली. माळ्यावरून माडीवर उतरण्यास जिना कसला, ती शिडीच; रात्रीं अपरात्रीं तिच्यावरून उतरणें धोक्याचें, म्हणून वरच स्नानगृह आणि शौचगृह करावें असें ठरलें. गवंडी ओळखीचा. त्यानें तक्तपोशीवर सात इंच भर घातली, तींत नळ पुरले, वर फरशी बसविली, आणि लग्नाच्या आधीं चार दिवस काम पुरें करून दिलें. आम्हीं त्याला वाखाणलेंहि.

आषाढ लागतांच तक्रारी सुरू झाल्या. टांकी सोडली कीं भांड्यांतील पाणी काठापर्यंत चढे, क्षणभर तसेंच उभें राही, आणि मग मोठा घोट घेतल्यासारखा आवाज करून एकदम खालीं जाई. बाजूच्या नहाणी ट्रॅपांतून कोणी बोलत असल्याप्रमाणें बुडबुडे निघत. पहाटे पहाटे दुर्गंधि सुटे, ती माडीवर निजलेल्या मंडळींपर्यंत येई.

संयुक्त कुटुंबांत एकादी वस्तु बिघडली म्हणजे ती कशानें बिघडली यापेक्षां कोणी बिघडविली याचाच शोध आधीं होतो. सूनबाईंचा गृहप्रवेश आणि नळाचा विकार हीं दोन्हीं एकाच सुमारास घडलीं होतीं. एवढा पुरावा पुरेसा झाला. पुण्याकडच्या मुली भांड्यांत कागद टाकतात, केसांचे गुंतवळ टाकतात, पाणी मात्र पुरेसें टाकीत नाहींत, असें कोणी म्हणालें. तोंडावर कोणी बोललें नाहीं. आमच्या घरांत तोंडावर बोलण्याची रीत नाहीं. जेवतांना आडून बोलतात, आणि तें अधिक लागतें. आम्ही स्वतः कांहीं म्हणालों नाहीं, पण मान हलविली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे.

उपायहि सर्व त्या अनुमानाला धरूनच झाले. नळ तुंबला आहे, सबब मोकळा करा. प्रथम बाजारांतून ॲसिडच्या बाटल्या आल्या. (येथें गृहिणींस एक सूचना: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर हीं दोन एकाच भांड्यांत, एकामागून एकहि, टाकूं नयेत. त्यांपासून क्लोरीन वायु निघतो, आणि तो बंद खोलींत फुप्फुसांस घातक होतो.) ॲसिडनें फरशीची झिलई गेली, नळ होता तसाच राहिला. मग प्लंबरनें लांब लोखंडी स्प्रिंग घालून पाहिली. ती सरळ आंत गेली आणि रिकामी परत आली. वस्तुतः तेथेंच आम्हीं थांबून विचार करावयाचा. नळांत अडकलेलें असें कांहींच नव्हतें.

पुढें परसांतील सेप्टिक टांकीवर संशय गेला. ती भरली असेल म्हणून कोणी एका माणसास आंत उतरवून साफ करून घेण्याची गोष्ट काढली. हें मात्र आम्हीं होऊं दिलें नाहीं. २०१३ च्या कायद्यानें सुरक्षेच्या साधनांवांचून माणसास अशा टांकींत उतरविणें हा गुन्हा आहे, आणि आंतील विषारी वायूनें माणूस कांहीं क्षणांत गतप्राण होतो. पण कायदा नसता तरीहि तें करवलें नसतें. आमच्या परसामागें एक अरुंद बोळ आहे. त्या बोळानें पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना डोक्यावर टोपली घेऊन यावें लागलें, आणि ज्यांचें तोंडहि घरांतील कोणी पाहिलें नाहीं, त्यांचें ऋण आमच्यासारख्या घरांवर पुष्कळ आहे. पंप लावलेली गाडी बोलावून टांकी उपसून घेतली. तें काम कधींतरी करावयाचेंच होतें. माळ्यावरील आवाज मात्र दुसऱ्या दिवशीं पुन्हा सुरू झाला.

पौष महिन्यांत सूनबाईंना ताप आला. त्यांना तेव्हां पांचवा महिना होता. डॉक्टरांनीं तपासून मूत्रमार्गाचा दाह सांगितला, आणि पाणी फार कमी पिण्यांत येत आहे काय असें विचारलें. थोरल्या वहिनी त्यांच्याजवळ बसल्या होत्या. घरीं आल्यावर त्यांनीं विचारलें, “सूनबाई, तूं पाणी कां गं पीत नाहींस?” सूनबाई बराच वेळ बोलेनात. मग म्हणाल्या, “आई, संध्याकाळीं पाणी प्यालें कीं रात्रीं उठावें लागतं. वर टांकी सोडली कीं खालीं सगळे जागे होतात. शिडी उतरायची मला आतां भीति वाटते.”

आम्ही ओसरीवर बसलों होतों; आम्हांस तें ऐकूं आलें. ज्या सोयीसाठीं एवढा खटाटोप केला, ती सोय ती मुलगी सहा महिने भीत भीत वापरीत होती, आणि जिच्यासाठीं ती केली तिलाच आम्हीं एका शब्दानेंहि विचारलें नव्हतें. त्या दिवशीं विचारलें.

त्यांनीं जें सांगितलें त्यानें आमचें अनुमान मुळापासून उखडलें. त्या म्हणाल्या, “काका, मी टांकी सोडली नाहीं तरी भांड्यांतलं पाणी आपोआप उतरतं. मी खुणा केल्या आहेत, बघा.” वर जाऊन पाहतों तों भांड्याच्या आंतल्या पांढऱ्या अंगावर शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा. निजतांना पाणी वरच्या रेघेशीं. पहाटे माडीवरील शौचगृहाची टांकी कोणी सोडली कीं, वर कोणी हातहि न लावतां, पाणी दोन बोटें खालच्या रेघेवर. हा प्रकार त्यांनीं पुष्कळ दिवस पाहिला होता. आम्ही सर्वजण नळांत काय अडकलें तें शोधीत होतों. त्यांनीं पाण्याकडे पाहिलें होतें.

आतां हें पाणी भांड्यांत उभें असतें तें कशासाठीं, तें सांगितलें पाहिजे. कमोडच्या, किंवा साध्या भारतीय भांड्याच्या, खालीं नळीस एक वांक दिलेला असतो. त्यालाच कारागीर ट्रॅप म्हणतात. त्या वांकांत नेहमीं सुमारें ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, खोल पाणी साचून राहतें. टांकींतील आणि नळांतील वायु घरांत येऊं न देण्याचें काम एवढेंसें पाणी करतें. दुसरें दार, झडप किंवा पडदा मध्यें कांहीं नाहीं. ही युक्ति लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं पेटंट घेऊन रूढ केली. घड्याळाचीं नाजुक चाकें बनविणाऱ्या माणसानें शौचकूपाचा प्रश्न चाकांशिवाय, नुसत्या नळीला वांक देऊन सोडवावा, याची आम्हांस मोठी मौज वाटते. पण हा पहारेकरी फार दुबळा आहे. नळांत थोडी ओढ उत्पन्न झाली कीं तो जागा सोडून पळतो.

ही ओढ कोठून येते? गृहिणींना याचें उत्तर शिकविण्याची गरज नाहीं. तेलाचा पत्र्याचा डबा फोडतांना त्या एक भोंक कधीं पाडीत नाहींत, दोन पाडतात. एकच भोंक असेल तर तेल घोट घोट करीत, अडखळत, हिसके देत पडतें. दुसऱ्या भोंकानें हवा आंत शिरूं लागली कीं धार एकसारखी होते. शौचगृहाच्या उभ्या नळाचें अगदीं असेंच आहे. पाणी एकदम खालीं धांवूं लागलें म्हणजे त्याच्या मागें रिती जागा पडते, आणि ती भरून काढण्यास वरून हवा यावी लागते. यासाठीं उभा नळ सर्वांत वरच्या भांड्याच्याहि वर, थेट छपराबाहेर नेऊन उघडा ठेवावयाचा असतो. कारागीर त्याला व्हेंट म्हणतात. आमच्या गवंड्यानें तो नळ माळ्याच्या फरशीशींच टोपण बसवून बंद केला होता. पुढें विचारतां म्हणाला, “कौलांना भोंक पाडलं असतं तर पावसांत गळलं असतं, मालक.” त्याचा हेतु वाईट नव्हता. त्यानें डब्यास एकच भोंक ठेविलें.

मग नळाला हवा मिळावी कोठून? जेथें वाट सांपडेल तेथून. माडीवर टांकी सोडली कीं खालीं जाणारें पाणी वरच्या नळांतील हवा ओढी, आणि त्या ओढीनें माळ्यावरील भांड्याचें पाणी दोन बोटें उतरे. नहाणी ट्रॅपांतील पाणी त्याहून थोडें. तें तर बुडबुडे काढीत पार निघून जाई. मग पहाटेची दुर्गंधि न येईल तर काय होईल? सर्वांत उंचावरचें भांडें तें, म्हणून सगळी ओढ त्याच्याच वाट्यास. दोष सर्व घराच्या नळाचा, आणि शिक्षा मात्र माळ्यावर राहणाऱ्याला.

वरच्या मजल्यावरील सांडपाणी खालीं नेण्याचा हा प्रश्न आजचा नाहीं. मोहेंजोदडो येथें सांपडलेल्या घरांच्या भिंतींत वरच्या मजल्यावरून पाणी खालीं आणणारे भाजक्या मातीचे उभे नळ आढळले आहेत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीं सिंधूच्या कांठीं माडीवर न्हाणारीं माणसें होतीं. आणि ज्यांच्या घरीं पैशास तोटा नव्हता त्यांनाहि या नळांनीं धाक घातला आहे. १८७१ सालीं इंग्लंडचे युवराज, पुढें सातवे एडवर्ड, स्कारबरो येथें एका सरदाराच्या वाड्यांत पाहुणे राहून आल्यावर विषमज्वरानें मरणाच्या दारापर्यंत जाऊन परतले. वाड्यांतील गटारांवर लोकांचा राग उसळला, आणि गटारांतील वाफेनेंच ज्वर येतो असें तेव्हां पुष्कळांचें मत होतें. तें मत पुढें चुकीचें ठरलें. विषमज्वर दुर्गंधीनें येत नाहीं, दूषित अन्नपाण्यानें येतो. परंतु त्या भीतीमुळें घराघरांतील नळ तपासले जाऊं लागले, ही त्यांतील इष्टापत्ति.

असो. व्हेंट नसणें हा पहिला दोष. दुसरा दोष माळ्याच्या आकारांतच आहे, आणि माळ्यावर असें काम काढूं इच्छिणाऱ्यांनीं त्याकडे विशेष लक्ष द्यावें. दुपाखी छपराखालीं माणसाला ताठ उभें राहण्याइतकी उंची मध्यें, आढ्याखालीं असते. आणि नळ उतरविण्यास सोयीची बाहेरची भिंत असते कडेला, वळचणीशीं, जेथें माणसाला वांकावें लागतें. गवंडी साहजिकच भांडें मधोमध बसवितो. आमच्या येथें तेंच झालें होतें. भांड्यापासून मागील भिंतीच्या नळापर्यंत आडवा नळ सोळा फूट. चार इंची आडव्या नळास दर चाळीस फुटांस एक फूट उतार हवा, म्हणजे सोळा फुटांस जवळजवळ पांच इंच. सात इंचांच्या भरींत नळाचीच जाडी चार इंचांहून अधिक गेली, उतारास उरले जेमतेम दोन इंच. त्यांत आतांच्या टांक्या पाण्याची काटकसर करणाऱ्या. पूर्वींच्या दहाबारा लिटरांऐवजीं सहाच लिटर पाणी सोडणाऱ्या. एवढ्या पाण्यानें मळ सोळा फूट सपाट वाटेनें वाहून जावा कसा? तो मध्येंच विसावा घेई, आणि पुढची टांकी सोडली कीं पाणी त्याच्यामागें तुंबे. प्लंबरची स्प्रिंग कोरडी परत आली, कारण तोंपर्यंत तो पुढें सरकलेला असे.

हें आम्हीं अंदाजानें म्हटलें नाहीं; परीक्षा करून पाहिली. प्रथम बादलीभर पाणी भांड्यांत एकदम ओतलें. बादलीचें पाणी झर्रकन्‌ जातें आणि टांकीचें तेवढें अडतें, तर दोष टांकींत किंवा भांड्याच्या काठाखालच्या छिद्रांत समजावा. बादलीचेंहि अडलें, तर दोष नळांत. आमचें अडलें. मग परसांतील चेंबरचें झांकण उघडून एका मुलास लांब उभें केलें आणि वरून हळद कालविलेलें पाणी सोडलें. वर भांडें तुंबलेलें असतांना खालीं चेंबर भरलेला असेल तर अडथळा चेंबरच्या पुढें, कोरडा असेल तर अलीकडे, घरांत. आमचा चेंबर कोरडा होता, आणि पिवळें पाणी पुष्कळ वेळानें, थेंब थेंब करीत आलें. धाकट्या बंधूंनीं हवेची ओढ पाहण्यास नहाणी ट्रॅपाशीं उदबत्ती लावूं म्हटलें. तें आम्हीं करूं दिलें नाहीं. सेप्टिक टांकीच्या वायूंत मिथेन असतो, त्याच्याजवळ विस्तव नेऊं नये. पिंजलेल्या कापसाचा पुंजका जाळीवर ठेवला, आणि माडीवर टांकी सोडतांच तो जाळीला घट्ट चिकटून बसला. थोरले बंधु बराच वेळ त्या कापसाकडे पाहत राहिले, मग सूनबाईंकडे न पाहतां म्हणाले, “आपणच चुकलों.” त्यांच्या तोंडून हे शब्द आम्हीं पूर्वीं कधीं ऐकले नव्हते.

दुरुस्ती मात्र पुण्याहून एका जाणत्या प्लंबरास बोलावून केली. त्यानें आधीं भांड्याची जागा बदलली. शौचास माणूस बसतो, उभा राहत नाहीं. मग त्याला आढ्याखालची उंची कशाला? ती उंची स्नानासाठीं ठेवावी, आणि भांडें वळचणीकडे सरकवावें, हें त्याचें म्हणणें ऐकल्यावर इतकें साधें वाटलें कीं आमचें आम्हांलाच हंसूं आलें. सोळा फुटांचा आडवा नळ पांच फुटांवर आला. त्याला दीड इंच उतार पुरला, आणि भर न वाढवितां काम झालें. भर वाढविणें हा सोपा उपाय वाटतो. पण जुन्या तुळयांवर ओझें किती घालावें याला मर्यादा आहे, आणि भरींत पाणी मुरलें तर तुळयांचीं टोकें कुजतात. आमच्या तुळयांपैकीं एकीचें टोंक ओलें लागलेंच. तें वाळवून, तासून, जोड देऊन घेतलें. स्नानाचें पाणी स्वतंत्र नळीनें उतरवून परसांतील गली ट्रॅपांत सोडलें.

राहिला व्हेंट. हवा आंत घेणारी पण बाहेर न सोडणारी एक रबरी पडद्याची झडप हल्लीं मिळते, ती बसविण्याचाहि विचार झाला. ज्या घरीं छपराबाहेर जाण्याची सोयच नाहीं तेथें ती उपयोगी पडते. परंतु ती भिंतींत बुजवून चालत नाहीं, पडदा जीर्ण झाला तर बदलावा लागतो, आणि आंतील वायु बाहेर जाण्यास घरांत निदान एक तरी नळ उघडा लागतोच. आमच्याकडे कौलांना भोंक पाडण्याचें कारणहि नव्हतें. उभा नळ बाहेरच्या भिंतीवरच होता. त्याला दोन वांक देऊन पागोळ्यांच्या बाहेरून वर नेला, लोखंडी पट्ट्यांनीं आवळला, आणि माळ्याच्या खिडकीपासून दूर, तिच्या पुष्कळ वर त्याचें तोंड ठेवून जाळीचें टोपण बसविलें. जें काम न केल्यामुळें एवढें रामायण झालें, तें एका दिवसांत उरकलें.

त्या रात्रीं माळ्यावर टांकी सोडली गेली ती आम्हांस ऐकूं आली नाहीं. आमची मंडळी मुद्दाम जागी होती, तिलाहि नाहीं. सूनबाईंचें बाळंतपण पुढें वैशाखांत माहेरीं सुखरूप झालें, आणि पावसाळ्यापूर्वीं त्या मुलाला घेऊन परत आल्या. पुतण्याच्या कपाळास वळचणीच्या वाशाचा आरंभीं दोनतीनदां प्रसाद मिळाला. तेथें आतां कापडाची गुंडाळी बांधली आहे. भांडें तेंच ठेविलें असल्यामुळें पेन्सिलीच्या रेघा अजून त्याच्या आंत दिसतात, आणि पाणी वरच्या रेघेशीं असतें. व्हेंटच्या जाळींत चिमण्या काड्या खुपसतात, म्हणून दर वर्षीं मृगापूर्वीं शिडी लावून ती साफ करावी लागते. यंदा तें काम थोरल्या बंधूंनीं, कोणीं न सांगतां, स्वतः केलें.